संगीताला बातमी कधी कळते?

भोपाळमध्ये वाद्यवृंद उभा करायचा म्हणजे तीन वेगळ्या शाळांतली माणसं एका खोलीत बसवायची. पहिली शाळा आकाशवाणीची आणि संगीत महाविद्यालयांची. भातखंडे लिपीतला कागद समोर ठेवला की ही मंडळी त्यात लिहिलेलं तर वाजवतातच, न लिहिलेली मींडही घेतात. पण ‘आठ मात्रा थांबा आणि नवव्या मात्रेला शिरा’ म्हटलं की त्यांचा हात शिवशिवायला लागतो. दुसरी शाळा पचमढीची. लष्करी बँडमधल्या वादकांचं शिक्षण तिथल्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये होतं आणि निवृत्तीनंतर त्यांतले काही भोपाळात घर करतात. त्यांना स्टाफ नोटेशन द्या, पहिल्या वाचनात सूर बरोबर येतील, आणि थांबायच्या मात्रा तर ते अशा मोजतील की घड्याळाने लाजावं. तिसरी शाळा लग्नाच्या बँडची. त्यांना कागद नको. दोनदा गुणगुणून दाखवा, तिसऱ्या वेळी ते तुमच्यापेक्षा बरं वाजवतात.

मी व्हायोलिन वाजवतो आणि अरेंजिंग करतो. वडील हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला लागले म्हणून आमचं घर इथलं झालं. माझं बालपण पिपलानीच्या क्वार्टरमध्ये गेलं. या शहरात चित्रपटांची ये-जा आता नवी राहिलेली नाही. ‘राजनीती’पासून ‘लापता लेडीज’पर्यंत कितीतरी युनिटं भोपाळ-सीहोर भागात येऊन शूटिंग करून गेली. पण ती कॅमेरा घेऊन येतात आणि संगीतासाठी मुंबईला परततात. त्यामुळे एका छोट्या हिंदी चित्रपटाचं बॅकग्राउंड भोपाळातच, भोपाळच्या वादकांना घेऊन करायचं असा प्रस्ताव आला तेव्हा मी पैशांचं विचारायच्या आधी हो म्हटलं. पैसे बेताचेच होते. संगीत माझं आणि अरेंजिंगही माझंच, कारण तेवढ्या रकमेत दोन माणसं बसत नव्हती.

गोष्ट 1971 च्या डिसेंबरातली. 3 तारखेला युद्ध सुरू झालं आणि 16 तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. चित्रपट एवढ्याच दिवसांचा, वर थोडे पुढचे. घर सागरमधलं, मराठी. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून सागरात मराठी घरं आहेत आणि महार रेजिमेंटचं केंद्रही तिथेच, त्यामुळे अशा घरातला मुलगा फौजेत असणं अगदी स्वाभाविक. पडद्यावर एकही रणगाडा नाही, एकही गोळी सुटत नाही. घरात आई आहे, सून आहे, रेडिओ आहे. मुलगा पूर्व आघाडीवर. युद्ध जिंकल्याची बातमी येते, गल्लीत पेढे वाटले जातात, बँड वाजतो आणि त्या गडबडीत तारवाला दारात येतो.

हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटू शकतो, म्हणून दिग्दर्शकाने मला त्याचं मूळ सांगितलं. इंग्लंडचा कवी विल्फ्रेड ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी आघाडीवर मारला गेला आणि त्याच्या घरी तार पोचली 11 नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना. ते युद्ध त्या घरापुरतं एक आठवडा आधी संपलं होतं, फक्त घराला ते माहीत नव्हतं.

आमची खरी झटापट झाली ती याच प्रसंगावर. दिग्दर्शक तिशीतला, इथलाच, मला दादा म्हणणारा. त्याने एडिटिंग करतानाच तात्पुरतं संगीत लावून ठेवलं होतं: गल्लीच्या टोकाला तारवाल्याची सायकल दिसते, आणि त्याच क्षणी खालच्या पट्टीत चेलो सुरू होतात. ‘‘दादा, पब्लिक को तैयार करना पड़ेगा ना,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘घर तैयार है क्या?’’

या धंद्यात बॅकग्राउंड कशासाठी असतं यावर दोन मतं सर्रास ऐकायला मिळतात. एक, भावना गडद करायला. दुसरं, दोन दृश्यांमधले सांधे झाकायला. दोन्ही खरीच. पण युद्धकाळातल्या घराच्या गोष्टीला बसलो तेव्हा मला तिसराच प्रश्न सतावायला लागला: संगीताला बातमी कधी कळते? युद्धाच्या काळात घरातली सगळी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीची वाट बघत असली, तरी बातमी सगळ्यांना एकदम मिळत नाही. सैन्याला आधी कळतं, मग तारखात्याला, मग तारवाल्याला, मग दार उघडणाऱ्याला. स्वयंपाकघरात जो आहे त्याला सर्वांत शेवटी. या रांगेत संगीत कुठे उभं राहणार? चेलो सायकलपाशी सुरू झाले म्हणजे संगीत तारवाल्याच्याही पुढे उभं राहिलं. मग दार उघडेपर्यंत प्रेक्षक त्या घरात राहतच नाही, तो संगीताबरोबर बाहेर उभा राहून आत डोकावत असतो.

युद्धपटांची आपली परंपरा बहुतेक उलट दिशेची. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये (1964) लडाखच्या बर्फात अडकलेले सैनिक आहेत आणि घर येतं ते त्यांच्या आठवणीतून. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपेंद्र यांनी मिळून गायलेलं गाणं ऐकताना आपण आघाडीवर बसून घराकडे बघत असतो. संगीत मदन मोहन यांचं. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात अधिकारी होते. आमच्या चित्रपटात घरात बसून आघाडीकडे बघायचं होतं, आणि घरातून आघाडी दिसत नाही. कानावर पडतो तो फक्त रेडिओ.

त्यामुळे मी आधार शोधत मागे गेलो तो वसंत देसाईंपाशी थांबलो. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946). सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोलकरही होते. जपानशी चाललेल्या युद्धात त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. सोलापुरात वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्ये कळली होती आणि तरी ते परतले नव्हते. म्हणजे या घरात बातम्या दोन्ही दिशांनी उशिरा पोचत होत्या. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि शांतारामबापूंनी राजकमलचा चित्रपट केला. कोटणीस ते स्वतः झाले, पत्नीच्या भूमिकेत जयश्री.

अब्बास यांच्या पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं होतं की गेलेल्यांपैकी एक परत आला नाही. चित्रपट लागला तेव्हा तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. पडद्यावरच्या डॉक्टरला मात्र तो माहीत नसतो. तो जहाजावर चढतो, प्रेमात पडतो, बाप होतो. संगीतकारापुढे अशा वेळी मोठा मोह असतो: पहिल्या रिळापासून करुण सूर धरावा. पण गरजच काय? प्रेक्षक दुःख घरूनच घेऊन आलेला असतो. लग्नाचं गाणं जितकं निर्मळ आनंदाचं, तितकं ते त्याला जास्त लागतं. मी हा चित्रपट कामासाठी पुन्हा पाहिला तेव्हा याच एका गोष्टीकडे कान ठेवून पाहिला, आणि दिग्दर्शकालाही बसवून दाखवला.

वसंत देसाई मूळचे सावंतवाडीकडचे. कोल्हापुरात प्रभातमध्ये अगदी पोरवयात शिरले, पडेल ते काम केलं, गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या काळात वादकांना एकत्र बसवून एका टेकमध्ये वाजवून घ्यायचं आणि ते ऑप्टिकल फिल्मवर उमटायचं. शेवटच्या ओळीत एक सूर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून. अशा पद्धतीत अरेंजर उगाच सूर लिहीत नाही. पुढे 1973 मध्ये गुलजारांच्या ‘अचानक’ला त्यांनी संगीत दिलं, त्याचीही कथा अब्बास यांचीच. नायक सैन्यातला अधिकारी, खुनासाठी फाशीची शिक्षा झालेला. डॉक्टर त्याला मरणाच्या दारातून ओढून आणतात ते फाशी देता यावी म्हणून. त्या चित्रपटात एकही गाणं नाही. तिथे काय होणार हे रुग्णालाही माहीत, डॉक्टरांनाही, प्रेक्षकालाही, म्हणून संगीताकडे कोणाला काही सांगण्यासारखं उरतच नाही. 1946 आणि 1973, एकच संगीतकार, एकच कथाकार, आणि बातमीचं गणित बरोबर उलटं.

आता आमच्या घराचे सूर ठरवायचे होते. पचमढीत शिकलेल्या, निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांना मी बिगूल घेऊन यायला सांगितलं. लष्करी बिगुलाला कळा नसतात. एकाच नळीतून ओठांच्या ताणावर जे सूर निघतील ते. बहुतेक सगळे इशारे सा, ग, प आणि खालचा प यांतच फिरतात. सकाळी उठवणारा, जेवायला बोलावणारा, निरोप देणारा, सगळे तेवढ्याच सुरांत. मी ठरवलं की बिगुलाला जे सूर येत नाहीत ते घराला द्यायचे. आईची धून रे वर सुरू होते, ध वर विसावते, मधे शुद्ध नीला स्पर्श करते. सा आणि प येतात पण वाटेतल्या वळणासारखे. पडद्यावर बिगूल कधीच वाजत नाही. रेडिओवरच्या एका बातमीपत्रामागे दुरून ऐकू येतो तेवढाच. पण घर आणि फौज यांची भाषा पहिल्या सुरापासून वेगळी झाली. सुभेदारसाहेबांनी धून ऐकली, बिगुलावर वाजवायचा प्रयत्न केला, पहिल्याच सुरावर अडले आणि हसून म्हणाले, ‘‘ये तो घरवालों की चीज़ है, साहब।’’

ही धून कशावर वाजवायची? मध्य प्रदेशात राहणाऱ्या माणसाला इथे मैहर आठवणारच. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास साथीत अनाथ झालेली मुलं गोळा करून मैहरचा वाद्यवृंद उभा केला. तरुणपणी ते स्वतः कलकत्त्याच्या थिएटरांतल्या ऑर्केस्ट्रात वाजवत, तेव्हा मेळ कसा बसवायचा ते त्यांना ठाऊक होतं. त्या मुलांसाठी त्यांनी बंदुकांच्या नळ्या कापून, सुरात लावून एक वाद्य बनवलं: नलतरंग. मैहरचा वाद्यवृंद भोपाळात वाजवून गेला तेव्हा मी ते ऐकलं होतं. आवाज अजिबात युद्धाचा नाही. पितळी वाटीवर चमचा आपटावा आणि तो नाद थोडा लांबावा, तसा.

तो आवाज मला स्वयंपाकघरासाठी हवा होता. मैहरचं वाद्य मागवणं आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून गोविंदपुऱ्यातल्या एका लेथवाल्याकडे पोलादी पाइप घेऊन गेलो. या वाद्याचं गणित सतारीसारखं नाही. तार निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो. मोकळ्या नळीवर बाजूने आघात केला तर सप्तक चढायला लांबी निम्मी करावी लागत नाही, साधारण सात दशांश पुरते. 40 सेंटिमीटरच्या पाइपचा वरचा सूर 28 सेंटिमीटरवर मिळतो. लेथवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, दोन्ही तुकडे वाजवून ऐकले आणि मग चहा मागवला. पाइप टांगायचा तोही टोकाला नाही, आणि मध्यावर तर मुळीच नाही. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या पाइपला 9 सेंटिमीटर आत, दोरा बांधायचा. तिथे नळी कंप पावत नाही, त्यामुळे दोरा नाद खात नाही. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की आवाज बद्द. सूर उतरा राहिला तर टोक थोडं घासायचं. जास्त चढला तर मध्यावर कानस फिरवून उतरवायचा. कापताना आपण जरा लांबच ठेवतो, कारण घासून कमी करता येतं.

स्टुडिओ लहान, सगळे वादक एकदम बसणं शक्य नव्हतं. चार व्हायोलिन तीनदा वाजवून बारा करायची असं ठरलं. पण तीच माणसं तीच व्हायोलिनं घेऊन त्याच जागी बसली तर बाराचा भरणा येत नाही, एक चिकट, पातळ आवाज येतो. म्हणून प्रत्येक फेरीला जागा बदलल्या, वाद्यं आपसांत बदलली, एका फेरीत गजाची दिशा उलटी ठेवली. थोडं बेसूर, थोडं पुढेमागे झाल्यावरच बारा माणसं बसल्यासारखी वाटली. कागद दोन लिप्यांत होते. सुभेदारसाहेब आणि त्यांचे दोन सोबती क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियमवर स्टाफ नोटेशन वाचत, व्हायोलिनवाले भातखंडे. भातखंडे लिपीत एकाखाली एक चार सूर मांडून हार्मनी दाखवायची सोय नाही, म्हणून प्रत्येकाला त्याची एकट्याची ओळ दिली. तिच्यात तो एकटाच गातो आहे असं त्याला वाटायचं, आणि वाजवणं त्यामुळे उलट खुलायचं.

गल्लीतला बँड बैरागढहून आला. त्या वस्तीचा इतिहास या गोष्टीच्या जवळचा आहे: दुसऱ्या महायुद्धात तिथल्या बराकींत इटालियन युद्धकैदी ठेवले होते, आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. घरची खबर उशिरा कळणं ही त्या भिंतींना नवी गोष्ट नाही. विजयाच्या मिरवणुकीला त्या काळातलं एखादं फिल्मी गाणं चाललं असतं, पण हक्कांचे पैसे कोण भरणार? मी एक उडती मार्च धून केली. बँडमास्तरांनी ती ऐकून तिच्या शेवटाला आपलं एक फिरतं वळण जोडलं आणि धून त्यांची झाली.

आता ती सायकल. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम चालतो. 72 च्या लयीत एका मात्रेला बरोबर 20 फ्रेम मिळतात, म्हणून मी आईची धून त्याच लयीला बांधली होती. दृश्य असं: स्वयंपाकघरात आई लाडू वळते आहे, नलतरंग आणि दोन व्हायोलिनं तिची धून वाजवताहेत. गल्लीत सायकल दिसते. तिथे फक्त बँड. दार उघडतं, सून सही करून तार घेते, उघडते. तिथेही फक्त बँड, त्याच उत्साहात, कारण गल्लीला काही माहीत नाही. मग दृश्य पुन्हा स्वयंपाकघरात जातं. आईची धून जिथे सोडली होती तिथूनच पुढे सुरू होते, एकही सूर कोमल न करता. सून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहते. आई तिच्याकडे न बघता काहीतरी बोलत राहते, धूनही चालू राहते. आई मान वर करते, सुनेचा चेहरा बघते. त्यानंतर पूर्ण एक मात्रा धून चालते आणि दुसऱ्या मात्रेच्या आधी, रे वर, तुटते.

ही एक मात्रा, हे 20 फ्रेम, यांसाठी आम्ही बराच वेळ भांडलो. दिग्दर्शकाचं म्हणणं, आईने बघितल्याबरोबर तोडायला हवं. माझं म्हणणं, बघणं आणि कळणं यांत अंतर असतं. डोळ्याला दिसल्यावरही हात एक लाडू वळून पुरा करतोच. शेवटी अभिनेत्रीच्या हातांनी वाद मिटवला. शॉट फ्रेम-फ्रेम करून पाहिला तर मान वर झाल्यावरही तिची बोटं पाऊण सेकंदाहून जरा जास्त वळत होती, मग थांबली. आमची मात्रा तेवढीच. ती काही आम्ही शोधलेली नव्हती. तिने आधीच करून ठेवलेली होती, आम्हाला उशिरा दिसली.

या कामातून माझ्या हाती लागलं ते एवढं: युद्धाच्या घरगुती गोष्टीत संगीताने त्या माणसाच्या बरोबर राहावं, ज्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळलेल्याचं दुःख दाखवायला अभिनय आहे, कॅमेरा आहे. न कळलेल्याचं अजाणपण सांभाळणारं दुसरं कोणी चित्रपटात नसतं. हा सगळ्या चित्रपटांचा नियम नाही. भयपटाला संगीताने आधीच कुजबुजलेलं चालतं, रहस्यपटाला तर लागतंच. पण ज्या घरी तार यायची आहे तिथे आधी सांगणारं संगीत मला आगाऊ वाटतं.

प्रदर्शनाआधी ट्रेलर आला. त्यात सायकलही होती आणि खालच्या पट्टीतले चेलोही. दिग्दर्शकाने फोन करून हळूच विचारलं, ‘‘दादा, बुरा तो नहीं लगा?’’ मला हसू आलं. ट्रेलरचं कामच मुळी आधी सांगायचं. तिथे चेलो शोभून दिसत होते.

आता माझ्याकडे कोणी पटकथा घेऊन आलं, अगदी हौशी नाटकवाले का असेनात, तर राग कोणता, वादक किती, पैसे किती हे मी नंतर विचारतो. आधी कागदावर आडव्या ओळीत प्रसंग मांडायला सांगतो आणि उभ्या ओळीत पात्रं. कोणाला काय कोणत्या प्रसंगात कळतं, तिथे खूण करायची. बरेचदा लेखकाच्याच लक्षात येतं की एका पात्राला जे कळायला नको होतं ते त्याने दोन प्रसंग आधीच बोलून टाकलंय, आणि तो पटकथा उचलून दुरुस्तीला परत नेतो. तक्ता पुरा झाला की मी खाली आणखी एक ओळ आखतो आणि तिच्यापुढे ‘संगीत’ लिहितो. त्या ओळीतल्या खुणा मात्र मी कोणाला करू देत नाही. पैसे मी त्याचेच घेतो.